मानेच्या बाजूची गाठ

सोलापूर,
चैत्र वद्य तृतीया, शके १८७०

तीर्थरूप अव्वाच्या पायांवर डोकं ठेवून विरूपाक्षचा शरणार्थ.

मी खुशाल आहे. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर वाचून दाखवणाऱ्या नीलम्माला सांग, डाव्या हातानं लिहिलंय. प्रथमोपचार शिकायला नवे वीस स्वयंसेवक आलेत. सरावाला जखमी माणूस लागतो, तो मी झालो. उजवा हात त्यांनी गळ्यात झोळी करून बांधलाय.

पोरं लई हौशी, पण झोळीची गाठ नेमकी मानेच्या मणक्यावर मारायची. चारदा सांगूनही कुणाला पटेना. मग मला आपली ओसरी आठवली. लहानपणी तू माझ्या गळ्यात इष्टलिंगाचं वस्त्र बांधायचीस आणि गाठ हळूच मानेच्या बाजूला सरकवायचीस. "टोचलं की काढून ठेवशील," म्हणायचीस. तुझ्या बोटांना विभूतीचा वास असायचा. तीच गाठ मी शिकवली. आता वीसही जण तुझ्यासारखी बांधतात.

यंदा येडाईदेवीच्या यात्रेत सगळ्यांबरोबर देवळासाठी चुनखडी वेचायला गेलीस का? शेजारचे गावात आहेत, का रझाकारांच्या भीतीनं तेही निघून गेले? दिवे लागायच्या आत कडी लावत जा.

सराव म्हणालो खरा. तो परवाच संपला, पण डॉक्टर महिनाभर हात झोळीतून काढू नको म्हणतात. सरहद्दीवरून एका जखमीला उचलून आणताना पडलो, एवढंच.

गाठ बाजूलाच आहे, अव्वा. टोचत न्हाय.

तुझा,
विरूपाक्ष