आपल्या सातला

३ मार्च

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

फोन करू नकोस म्हणालो म्हणून रागावली असशील. राग नको. घंटा वाजली की छातीत धस्स होतं. ॲम्ब्युलन्सचे फोन घेणाऱ्या माणसाने हे सांगावं म्हणजे हसावं की रडावं! गेल्या महिन्यात एक बाई रडत रडत पत्ता सांगत होत्या. त्या सहावी गल्ली म्हणाल्या, मी नववी लिहिली. गाडी सात मिनिटं उशिरा पोचली. त्यांचे यजमान गेले. डॉक्टर म्हणतात, ते तसेही वाचले नसते. पण ती सात मिनिटं माझीच ना?

साहेबांनी मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. २९ तारखेला, सोमवारी, पुन्हा फोनवर घेऊन बघणार. जमलं नाही तर कायमच्या फायली. मला फोनवरच बसायचंय गं. तू आणि भाऊजी सकाळी डोळे मिटून बसायचात, मी टिंगल करायचो. ते कसं करायचं तेवढं लिही.

तुझा,
खडू

९ मार्च

चि. खडूस,
अ.उ.आ.

शाळेत खडू खायचास म्हणून खडू. पत्रात ‘स’ लागून खडूस होतोस, त्याला मी काय करू?

त्यात अवघड काही नाही. खुर्चीत बस, पाय जमिनीला टेकव, श्वास मोज. दहा झाले की पुन्हा एक. मध्येच चुकलास तर निमूट एकपासून. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, तो तुझा आवडता उद्योग आहे.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की मी वीस मिनिटं बसते. तूही सातलाच बस, म्हणजे एकदम बसू. तुझे भाऊजी जाऊन नऊ महिने झाले, समोरची खुर्ची तशीच आहे. दिवसभर लोकांचे कपडे आखूड-सैल करते. मशीन चालू आहे तोवर बरं, थांबलं की घर खायला उठतं. तेव्हा ही माझीही सोयच समज.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

बसतोय. चारच्या पुढे गाडी जात नाही. काल एकदा दहा झाले आणि त्या आनंदात अकरा, बारा मोजत सुटलो! इथे बोलायला कोणी नाही. फायली काही विचारत नाहीत. रोज तिसऱ्या मिनिटाला उठावंसं वाटतं. पण तिकडे तू बसली आहेस, मग मी कसा उठू? त्या भरवशावरच चाललंय.

तुझा,
खडू

२४ मार्च

चि. खडूस,
अ.उ.आ.

कसं सांगू कळत नाही. काल शेजारीण कपडे न्यायला आली आणि म्हणाली, तुमचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. मला माहीत होतंच की, पण साफ विसरले! यांना कामावर जायला उशीर व्हायचा म्हणून यांनीच ते पुढे केलेलं. मी वेळ विचारायची, हे वजाबाकी करून सांगायचे. माणूस गेला, त्याच्याबरोबर वजाबाकीही गेली.

म्हणजे बघ, मी उठायची तेव्हा तू बसायचास. एकही दिवस आपण एकदम बसलो नाही रे. मी मेली समोरच्या खुर्चीत तुला धरून चालले होते. फार रडले.

घड्याळ मागे घ्यायला स्टुलावर चढले. काट्याला बोट लागलं आणि तशीच उतरले. यांनी लावलेलं एवढंच काय ते अजून चालू आहे. सोमवारी माझ्यामुळे तुझा धीर सुटला तर? मला माफ कर.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र काल कामावर निघतानाच हातात पडलं. इतके दिवस मी एकटाच बसत होतो तर!

पहिला फोन एका आजोबांचा. आजी जिन्यावरून पडल्या होत्या. पाय जमिनीला टेकवले. एक श्वास मोजला. पत्ता विचारला, परत म्हणून दाखवला, ते हो म्हणाल्यावरच लिहिला. गाडी वेळेत पोचली. मग पुढचा फोन घेतला. साहेबांनी फायलींच्या खोलीची किल्ली परत मागितली. ती सहावी गल्ली अजून डोळ्यांपुढे येते, येत राहील. तेव्हा निमूट एकपासून.

घड्याळाला हात लावू नकोस. मी माझं वीस मिनिटं पुढे केलंय. उद्यापासून आपल्या सातला बसू. आणि खरी वेळ विचारायची असेल तर मला फोन कर, वजाबाकी करून सांगेन. घंटा वाजली तरी चालेल.

तुझा,
खडूस