यादीतून गेलेलं घर

देवळाली प्रवरा,
४ डिसेंबर १९४८

प्रिय शामदादा,

तुझी डॉक्टरीची परीक्षा होईपर्यंत तुला काही कळवायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती. ती मोडून लिहिते आहे.

आईच्या पोटात गाठ आहे. नगरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांत ऑपरेशन करायला सांगितलं, त्यातले सहा दिवस गेले. खर्च तीनशेच्या घरात. अण्णांचा मास्तरकीचा पगार तुला ठाऊकच आहे. तू म्हणशील, गावाचा आजारफंड आहे ना? अण्णांनीच तर तो चार वर्षांपूर्वी उभा केला. दर घराचे महिन्याला आठ आणे, आणि ज्याच्या घरी मोठं दुखणं येईल त्याचा दवाखाना फंडातून. मुक्ताबाईच्या आतड्याचं ऑपरेशन त्यातूनच झालं. तिच्या घरची एक शेळीसुद्धा विकावी लागली नाही. पण नेमही अण्णांनीच लिहिला होता, तीन महिने थकले की नाव कमी.

त्याच नेमानं गेल्या साली सहादेवचं नाव त्यांनी खोडलं. तो हिवतापानं पडून होता, मजुरी बंद होती. पुढच्याच महिन्यात त्याची बायको चांगुणा बाळंतपणात अडली. बैलजोडी विकून त्यानं तिला वाचवलं, मूल गेलं. तेव्हापासून अण्णा त्याच्या गल्लीनं जात नाहीत.

परवा शाळेत फंडाची सभा झाली. मी दाराशी उभी होते. आईच्या ऑपरेशनचा विषय निघताच अण्णा उठले आणि म्हणाले, "माझं घर यादीत नाही. माझे पाच महिने थकलेत." मग सहादेव उठला. मला वाटलं, आता हा मागचं सगळं काढणार.

तो म्हणाला, "मास्तर, मी तापानं फनफनत हुतो, तवा इचारायला कुनी आलं न्हाई. नाव तेवढं खोडलं. इथून पुढं थकल्या घराला आदी जाऊन इचारायचं. आजारी असंल, नड असंल, तर त्याचे आठ आने फंडानं भरायचे. नाव कुनाचंच खोडायचं न्हाई. ह्यो नेम करा, आन वहिनीस्नी दवाखान्यात न्या."

सगळ्यांचे हात वर गेले. अण्णांचा एकट्याचा नाही. "नेम चांगला आहे," ते म्हणाले, "पण तो माझ्या घरापासून सुरू होणार नाही. सहादेवला जे मिळालं नाही, ते मी घेणार नाही." आणि तडक घरी आले. आई म्हणते, त्यांचंच बरोबर आहे. दुपारी कळ उठली की ती पदराचा बोळा तोंडात धरते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

काल मी विहिरीवर असताना सहादेव आला. म्हणाला, "ताई, माझं मूल गेलं त्याचं मास्तर मनाला लावून बसलेत. पन वहिनी गेल्या तर माझं मूल परत येनार हाय का? भावाला बोलवा."

म्हणून हे पत्र. दादा, अण्णांना हे कुणीतरी सांगायला हवं: प्रायश्चित्त तुम्ही घेताय, पण देह आईचा आहे. मी सांगू गेले तर त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. तुझं ऐकतील. ते पाच महिने का थकले, हेही तुला कळायला हवं. तुझ्या परीक्षेच्या फीसाठी ते घरातला आणा न् आणा बाजूला टाकत होते. हे वाचून तुला लागेल. लागू दे. पण त्या परीक्षेसाठी आता थांबू नकोस. मिळेल त्या गाडीनं राहुरीला उतर. आई तुला पाहून रागावेल, शपथ मोडली म्हणून मलाही बोलेल. बोलू दे, दादा. तिला बोलण्याइतकं बळ आहे, तोवर ये.

तुझीच,
सरू