वरच्या खोलीतला नळ

दादा,

फोनवर म्हणालास ना, "तुम्ही पाणी उधळता"? मग ऐक. बिल थकलं म्हणून आज पाणीखात्याचा माणूस कनेक्शन तोडायला पाना घेऊनच दारात आला. मी खालचे सगळे नळ बंद करून त्याला मीटर दाखवला, तरी काटा फिरतोच आहे! भांडून गेलास, वरच्या खोलीला कुलूप ठोकलंस आणि आतला नळ तसाच चालू सोडलास. वर उधळे आम्ही!

तो माणूस भला निघाला. "गळती थांबवा, उद्या अर्ज द्या, हप्ते पाडून मिळतील," म्हणाला. म्हणून तुझं कुलूप मी हातोडीने फोडलं. काय आदळआपट करायची ती कर.

नळ बंद करून खाली आले, तर आई भिंतीला कान लावून बसलेली. हल्ली तिला काही आठवत नाही. म्हणाली, "पाण्याचा आवाज थांबला गं. दादा गेला का?"

इतके दिवस तिला वाटत होतं, तू वरच आहेस, फक्त रुसून खाली येत नाहीस.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू बिलाचे पैसे पाठवशील आणि सुटशील.

खालच्या मजल्यावरून,
तुझी बहीण