बाळ कुणाच्या ओटीत

७ डिसें., रवि.
चर्चमधे मिस्सा झाल्यावर महिला मंडळाची बैठक. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याला पेंढा कोण आणणार यावरच अर्धा तास. चितेगावचा माझा भाऊ आणील म्हटलं, उठा आता. उठता उठता मंडळाच्या सिसिलियाबाई म्हणाल्या, "नाताळला बाळ तुमच्या रिबेकाच्याच ओटीत ना?" मी हो म्हणून आले. रीतच आहे. पाळणा म्हणायच्या आधी मूल नसलेल्या बाईच्या ओटीत बाळ येशूची मूर्ती ठेवतात, मग उचलून गव्हाणीत. चार वर्षं झाली, मान आमच्या सुनेलाच.

८ डिसें.
रि.ला सांगितलं. पोळी लाटत होती. "मम्मी, या वर्षी मी चर्चला येत नाय." डोकंच फिरलं माझं. नाताळला घरी बसणार? लोक काय म्हणतील? "आता काय गप बसलेत का?" म्हणाली. तव्यावरची पोळी करपली ती वेगळीच.

११ डिसें.
करंज्या. दोघी समोरासमोर. माझा लेक सॅम नेहमीसारखा "तुमचं तुम्ही बघा" म्हणून सेकंड शिफ्टला पसार. बापावर गेलाय.
दिवाळीत, तिसरा महिना चालू असताना पोटातलं गेलं तिचं. आठवड्यानं औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात कामावर हजर. रडली का, कुठं रडली, मला माहीत नाय. आज करंजीची कड दाबता दाबता आपण होऊन बोलली, "ओटीत ठेवतात त्याचं काय नाय मम्मी. परत उचलून घेतात ना."
मी सारणात साखर घातली. आधीच घातलेली होती.

१५ डिसें.
सि.बाईंकडं गेले. या वर्षी रि. नको म्हटलं. "अहो, गुण येतो! किती जणींना आलाय." मी म्हटलं, ज्यांना नाय आला त्यांचीबी नावं घ्या की. फणकारल्या. चहासुद्धा अर्धाच कप.
फादरांना विचारलं. "ही चर्चची रीत नव्हे, तुम्हा बायकांची. तुम्हीच मिटवा." म्हणजे झालं! घोंगडं माझ्याच गळ्यात.

२१ डिसें., रवि.
कॅरलवाले येऊन गेले. ढोलकी ऐकून खालचे भाडेकरूसुद्धा दारात. रि.नं सगळ्यांना चहा दिला. मग ओट्यापाशी हळूच, "पाळणा कोण म्हणणार मम्मी?" दरवर्षी तीच म्हणते. तू नसशील तर सि.बाई, म्हटलं. "अरे देवा!" आणि हसली. कितीतरी दिवसांनी. सि.बाई गायल्या की जातं घरघरतं.
तू ये, ओटीचं मी बघते, म्हटलं. "काय बघणार?" ते मला तरी कुठं ठाऊक...

२५ डिसें., दुपार
आली. शेवटच्या बाकावर, खांबाआड. पण सि.बाई बाळ घेऊन थेट तिथंच. सगळ्या माना वळल्या. रि.नं पदर मुठीत आवळला. मी मधे घुसून बसले नि माझा पदर पसरला. "द्या इकडं."
"अहो, तुमच्या ओटीत? या वयात?"
"बायबलातल्या अलीशिबेला म्हातारपणीच झालं ना?"
बायका फिदीफिदी. फादरसुद्धा तोंड फिरवून हसायलेत. ठेवावंच लागलं बाईंना.
प्लॅस्टरची मूर्ती, थंडगार. मग त्या परत घ्यायला वाकल्या, तर माझे हात सुटेनात. खरंच सुटेनात. रि.नंच माझी बोटं सोडवली, बाळ उचललं, गव्हाणीत ठेवलं आणि पाळणा सुरू केला. आवाज कुठंच हलला नाय. माझंच नाक वाहायलं होतं.

२८ डिसें., रवि.
सि.बाई बोलत नाहीत. शांतता आहे.
संध्याकाळी भांडी लावता लावता रि. म्हणाली, "मम्मी, आता मुलासाठी डॉक्टर, इंजेक्शनं, सगळं बास. सॅमला सांगितलंय मी. तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, तुझं शरीर, तू ठरव. तिनं माझ्याकडं बघितलं. "असं नको. मनापासून सांगा. उद्या सांगितलं तरी चालेल."
मनापासून! तिच्या पोटावरचे ते सुयांचे काळेनिळे डाग मला बघवत नाहीत. आणि नातवंड हवंय मला. लई हवंय. सकाळी ती डबा घेऊन निघायच्या आत काहीतरी बोलावं लागणार.