मोजणीबाहेरची इत्सेल

सॅन रामिरो, टेक्सास
२ ऑगस्ट

ती. ओफेलियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

अजून जाहीर व्हायचंय, पण तुला आधी सांगतो. आमच्या शाळेला सरकारकडून यंदा 'बी' हे अक्षर मिळालं. दोन वर्षं तळाचं 'एफ' होतं. तिसऱ्यांदा आलं असतं तर टाळंच लागलं असतं. शनिवारी शाळेच्या अंगणात मक्याच्या वाफवलेल्या तमाल्यांचं जेवण आहे. तुझी ती तिखट साल्सा-चटणी घेऊन ये. इथल्या बायका टोमॅटोचं सरबत करतात.

तुझी नात सुट्टीत तिकडे रमली असेल. शाळेत इत्सेलचा काही म्हणजे काही त्रास नाही.

असाच जीव लावत राहा.
तुझा एल्पिदिओ

लास पालोमास
५ ऑगस्ट

चि. एल्पिदिओ यास अ. उ. आ.

मोतीबिंदू काढलाय, म्हणून तुझं पत्र इत्सेलला वाचायला दिलं. नऊ वर्षांची मुलगी. 'शाळा' एवढा शब्द लागला, पुढे गाडी अडली. पत्र हेडमास्तरचं आणि मुलगी त्याच्याच शाळेची.

विचारलं तर शांतपणे म्हणाली, आजी, मी मोजणीत नाही ना. ऑक्टोबरअखेर पटावर असतील त्यांचेच गुण शाळेच्या नावावर धरतात आणि ही आली नोव्हेंबरात. म्हणून वाचनाच्या तासाला बाई तिला ग्रंथालयात पुस्तकं लावायला धाडायच्या. ती रंग बघून लावायची म्हणे.

उत्तरेतली बीटची काढणी आटोपून आपणही दरवर्षी नोव्हेंबरातच शाळेत यायचो, विसरलास? आपल्या बाईंनी कधी तारीख विचारली? सरकून बस म्हणाल्या आणि पुस्तक उघडलं. त्या शाळेला कुणी अक्षर दिलं नव्हतं; तुला मात्र सगळी अक्षरं मिळाली.

तमाले तुमचे तुम्ही खा.
रागावले तरी तुझीच,
ताई

सॅन रामिरो
८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तुझं खरं आहे. पण वाचनाच्या बाई दोन, मुलं साडेतीनशे. शाळा बंद पडली असती तर सगळीच तीस मैलांवर गेली असती. कुणाला तरी बाजूला ठेवणं भाग होतं. आपली म्हणून तिला आत घेतलं असतं, तर तूच मला फाडून खाल्लं असतंस.

यंदा ती मोजणीत आहे. चौथीला प्रगतीही मोजतात, गेल्या वर्षीच्या गुणांपेक्षा मूल किती वर चढलं ते. तिच्याइतकं खालून निघणारं दुसरं मूल आमच्याकडे नाही. ती शिकेल तेवढं शाळेच्या पदरात. दोन्ही बाईंनी तिला आत्ताच मागून घेतलंय. सोमवारच्या आत धाड.

क्षमा नाही केलीस तरी पत्र टाक.
एल्पिदिओ

लास पालोमास
११ ऑगस्ट

चि. एल्पिदिओ यास आशीर्वाद.

पाठवते. डोळे धड असते तर मीच शिकवलं असतं, नसती पाठवली. तिला वाचता यायला हवं, मग ते तुझ्या अक्षरासाठी का असेना.

मला एवढ्या घाईने का बोलावलं, असं विचारत होती. मामाआजोबांना तुझी आठवण येते, असं सांगितलंय. तेवढं खोटं निभावून ने.

ताई