सुलभाताईंची पट्टी

गुरुवार, मांडवी. दिवेलागण.

पावसच्या आमच्या आंब्याच्या कारखान्यात आज कामाचा नवा तक्ता लावला. मीच काढलेला. प्रत्येकाला एक आडवी पट्टी, तिच्यात चौकोनांत त्याची कामं, आणि काम पुढे कुणाकडे जातं ते दाखवायला बाण. चौकोन, बाण सगळ्यांना पटकन कळले. पण आंबा निवडणाऱ्या सुलभाताई तक्त्यासमोरून हलेनात.

"माझी पट्टी टेम्पोवाल्याच्या खाली कशाला घातलीस गो? मी निवडल्याशिवाय त्याचा टेम्पो हलतो काय?"

पट्टी खाली म्हणजे माणूस खालचा, असं कुठल्याच नियमात नाही. पण डोळ्याला कोण सांगणार? दोष ताईंचा नाही, चित्राचाच. मला तिथंच पटलं.

मॅनेजरसाहेबांना फोन लावला. ते हसले. "अगं, वर-खाली याला काही अर्थच नसतो. समजव त्यांना."

ताईंची ती पट्टी काही डोक्यातून जाईना. म्हटलं, "बरं साहेब, मग ताईंची सगळ्यात वर घेते आणि तुमची सगळ्यात खाली."

साहेब घाईघाईनं म्हणाले, "नको, माझी राहू दे आहे तिथंच."

उद्या सगळ्या पट्ट्या उभ्या काढणार. शेजारी शेजारी.