पीटीओचा कच्चा बोल्ट

मी, पंचाक्षरी चन्नबसप्पा हालकुडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे बोरतळा, तालुका कंधार, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. कान थोडे गेले आहेत, पण इंजिनाचा आवाज अजून ओळखतो, तेव्हा डोके जागेवर आहे असे समजावे. मला कोणी फूस लावलेली नाही. तेवढी हिंमत घरात फक्त माझी पत्नी शांतम्मा हिची आहे, आणि ती म्हणाली, "लिवा तुमच्या मनानं. माझं नाव तेवढं घिऊ नका." ते मात्र घ्यावेच लागणार आहे.

कलम १. राहते घर शांतम्मा आहे तोवर तिचे, तिच्या मागे आमचा एकुलता मुलगा मल्लेश याचे. तिला कोणी "आई, आता बसून खा" असे म्हणू नये. ती चिडते.

कलम २. शेत, विहीर व मोटार मल्लेशला. बांधावरची चिंच तोडू नये.

कलम ३. माझा जुना ट्रॅक्टर मी सून मंजुश्री हिला देतो. हे ऐकून मल्लेश ताडकन उठेल. त्याने खाली बसावे, कारण सांगतो.

गेल्या साली तुरीच्या मळणीत पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून मळणी यंत्र फिरवणारा दांडा, सारखा दगा देत होता. त्यात मऊ लोखंडाचा एक कच्चा बोल्ट असतो, तोच तुटायचा. माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ बांधावरूनच म्हणाला, "दादा, क्लच गेला म्हंजे गेला. लिहून घे." त्याच्या शब्दावर आख्खा ट्रॅक्टर मधोमध खोलला, प्लेट बदलली, आणि पहिल्याच पेंढीला बोल्ट तुटला.

मग मी माझ्या पद्धतीने बसलो. शाफ्ट काढून नुसता पीटीओ चालवला, तो एकसारखा फिरला. इंजिन दबत नव्हते, जळका वास नव्हता. म्हणजे रोग ट्रॅक्टरच्या पोटात नव्हता. सगळे बंद करून मळणी यंत्राचा ड्रम हाताने फिरवला, तोही मोकळा. राहिला शाफ्ट. मी त्याच्याकडे बघत बसलो असताना शांतम्मा चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "ह्या टोकाचे कान उभे, अन् त्या टोकाचे आडवे. असंच असतंय का?"

तसे नसते. दोन्ही टोकांच्या जोडाचे कान एका रांगेत लागतात. ग्रीस भरताना मल्लेशने शाफ्टचे एकात एक बसणारे दोन भाग ओढून वेगळे केले आणि घाईत एक भाग आडवा बसवला, म्हणून शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला हिसके देत होता. सरळ बसवला आणि बोल्ट तुटायचा थांबला.

तरी मल्लेशने नांदेडहून पोलादी, पक्का बोल्ट आणला. "अप्पा, हा कवाच तुटत न्हाई. लई कडक हाय." मी म्हणालो, उद्या बघू.

त्याच दुपारी पेंढीत राहिलेला विळा ड्रममध्ये गेला. मंजुश्री यंत्राच्या तोंडाशी उभी राहून पेंढ्या सारत होती. टक् असा एकच आवाज झाला आणि ड्रम जागच्या जागी थांबला. इंजिन चालू, शाफ्ट गरगर फिरतोय, आणि यंत्र गप्प. एवढ्या मोठ्या धुडाची ताकद करंगळीएवढ्या कच्च्या बोल्टने स्वतःवर घेतली होती. तो तुटला नसता तर ड्रम फुटून त्याचे पत्रे तिच्या तोंडावर आले असते. मी जन्मभर इंजिनाच्या ताकदीला हात जोडले, पण त्या दुपारी तुटलेल्या बोल्टला जोडले. मंजुश्री एवढेच म्हणाली, "मामा, विळा माझाच हाय ओ." मल्लेशला इंजिन बंद करायचेही सुचले नाही.

तेव्हा ट्रॅक्टर मल्लेशने चालवावा, पण मालकी मंजुश्रीची. बोल्ट ती टाकील, आणि तो कच्चाच. तुटला तर चहा प्यावा आणि रोग शोधावा.

कलम ४. क्लचची जुनी प्लेट, जी बाहेर काढल्यावर ठणठणीत निघाली, ती मल्लिनाथास देतो. त्याने ती आपल्या ओसरीत येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगावी. लिहून घे म्हणाला होता, घेतले.

कलम ५. तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे शांतम्माने पुसून देवघरात ठेवले आहेत. ते तिथून हलवू नयेत. विभूती लावायची की नाही ते तिचे ती ठरवील.

कलम ६. मला आपल्या रिवाजाप्रमाणे बसवून समाधी द्यावी, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवावे. राहिला उजवा हात. तो पक्का बोल्ट मल्लेशने टाकून दिलेला नाही. सीटखालच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, मी पाहिला आहे. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे, आणि सुगीत आभाळ भरून आले की घाईच्या माणसाचा हात तिकडेच जातो. म्हणून मल्लेशने तो स्वतः काढावा, माझ्या उजव्या मुठीत ठेवावा, आणि माझी बोटे आपल्या हाताने मिटावीत. मगच माती लोटावी.

ठिकाण: मौजे बोरतळा
तारीख: १४ फेब्रुवारी २०२५

सही: पंचाक्षरी चन्नबसप्पा हालकुडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. सटवाजी मारोती केंद्रे (त्या दुपारी खळ्यावर हजर)
२. रविकिरण पंढरी कांबळे